विराम आणि अंतर: लेखनशुद्धीचा एक उपेक्षित भाग

माननीय अध्यक्ष महोदय, संस्थेचे पदाधिकारी, शिक्षकवृंद, या शाळेचे आजी-माजी विद्यार्थी आणि उपस्थित बंधुभगिनींनो,

ज्या शाळेत मी अक्षरे गिरवली, त्या शाळेने गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालविलेल्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी मला पाचारण केले, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. विषय निवडण्याची मोकळीक संयोजकांनी मला दिली होती. माळव्यातील मराठी, परमारांचा वारसा, पवारांची संस्थाने असे मोठे विषय समोर होते. परंतु गुरुजींचे नाव घेतले की मला आठवतो तो एक स्वल्पविराम. आज त्याच्याविषयीच बोलावे, असे ठरवून आलो आहे.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आम्ही देवासला राहत होतो आणि आजोबांचे धाकटे बंधू धारला. आदल्या दिवाळीत दोघा भावांत थोडी बोलाचाली झाली होती. पुढे धारच्या आजोबांच्या नातीचे लग्न ठरले. त्यांनी पत्र पाठविले की, तुम्ही मंडळी लग्नाला येणार नाही असे कानावर आले आहे. खरे काय ते कळवावे, म्हणजे मुहूर्त कळविता येईल. आमच्या आजोबांची दृष्टी अधू झाली होती. त्यांनी मला कार्ड घेऊन बसविले आणि सांगितले, "लिही. नाही, येणार. काळजी नसावी." मी लिहिले, "नाही येणार काळजी नसावी". कार्ड पेटीत पडले.

मुहूर्ताचे पत्र येईल म्हणून आजोबा वाट पाहत राहिले. ते पत्र आले नाही. लग्न होऊन गेले. आम्हाला वाटले, त्यांनी टाळले. त्यांना वाटले, यांनी येण्याचे नाकारले आणि वर टोमणाही मारला. सात वर्षे दोन्ही घरांत जाणे-येणे नव्हते. धारचे आजोबा वारले, तेव्हा आम्ही गेलो. दिवस झाल्यावर आजींनी पेटीतून ते कार्ड काढले आणि काही न बोलता आमच्या आजोबांच्या हाती दिले. त्यांना ते दिसेना, म्हणून त्यांनी माझ्या हाती दिले. अक्षर माझे होते. मी ते मोठ्याने वाचले. जसे लिहिले होते तसे वाचले, आणि मग जसे सांगितले होते तसे वाचले. खोलीत कोणीच काही बोलले नाही.

परत आल्यावर मी हे गुरुजींना सांगितले. ते मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "कार्ड पोहोचते रे, आवाज पोहोचत नाही. आवाजाच्या जागी कागदावर काहीतरी ठेवावे लागते." विरामचिन्हांची याहून नेमकी व्याख्या मला अद्याप कोठे आढळलेली नाही.

श्रोतेहो, आवाजाच्या जागी काहीतरी ठेवण्याची ही गरज आपल्या परंपरेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ऋग्वेदाचा संहितापाठ सलग म्हटला जातो. परंतु शब्द कोठे संपतो हे विसरले जाऊ नये, म्हणून शाकल्याचा पदपाठ निर्माण झाला. त्यापुढे क्रम, जटा, घन असे पाठ आले. एकच मंत्र निरनिराळ्या रीतींनी म्हटला की चूक लपून राहत नाही. मुद्रितशोधनाचे तत्त्व हेच आहे. मराठीत पाहिले, तर शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. हाताने नकला करताना ग्रंथात शिरलेले दोष त्यांनी दूर केले. एवढ्या थोर कवीला दुसऱ्याच्या ग्रंथातील चुका शोधणे हे हलके काम वाटले नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.

आपल्या धारकडे पाहा. भोजशाळा व कमाल मौला मशीद या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत १९०३ साली धार संस्थानाचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना एक कोरीव शिलालेख आढळला. परमार राजा अर्जुनवर्मा याच्या काळातील, तेराव्या शतकाच्या आरंभीची, मदन कवीची 'पारिजातमंजरी' ही नाटिका त्यावर आहे. चार अंकांपैकी पहिले दोनच त्या शिळेवर मिळाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे अक्षरे सलग कोरलेली आहेत. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नाही. अक्षरे स्पष्ट असली तरी एक शब्द कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे वाचणाऱ्याला आपल्या विद्वत्तेच्या बळावर ठरवावे लागते. त्याच वास्तूत सर्पाकृतीत गुंफलेली वर्णमाला आणि क्रियापदांचे प्रत्यय कोरलेले आहेत. प्रत्यय दगडात कोरून ठेवावेत, इतके त्यांचे मोल या भूमीला वाटत होते. ही गोष्ट मी पुढे पुन्हा सांगणार आहे.

मोडीची कथाही अशीच आहे. धार आणि देवास येथील पवारांचा मराठी कारभार मोडीतून चाले. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लोंबती ठेवत, शक्यतो लेखणी न उचलता, लिहीत जायचे. शब्दांत अंतर नाही आणि विरामचिन्हही नाही. वेगाने लिहिण्यासाठी ती लिपी उत्तम होती. वाचणारा कारकून मजकुराच्या साच्याशी परिचित असे, म्हणून व्यवहार चालत असे. तरीही लेखनातील लहानशा फरकाची भीती समाजमनात किती खोल होती, हे 'ध' चा 'मा' या वाक्प्रचारावरून कळते. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा 'धरावे' या शब्दाचे आनंदीबाईंनी 'मारावे' केले, असे लोक सांगत आले. ती आख्यायिका आहे. इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. पण त्याच आनंदीबाईंनी पुढे धारच्या किल्ल्यात आश्रय घेतला आणि जानेवारी १७७५ मध्ये तेथेच दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, हा मात्र इतिहास आहे. एका अक्षराच्या फेरफाराची कथा ज्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली, त्या आपल्या गावाच्या किल्ल्यात राहून गेल्या आहेत.

मराठी गद्य छापखान्यात गेले आणि परिस्थिती बदलली. छापलेला मजकूर अनोळखी वाचकाच्या हाती पडतो. त्याला साचा ठाऊक नसतो, लेखकाचा आवाज ठाऊक नसतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी मुद्रणातील चिन्हे मराठीत आली आणि ती रुजविण्यात मेजर टॉमस कँडी यांचा वाटा मोठा आहे. 'विरामचिन्हांची परिभाषा' ही त्यांची पुस्तिका १८५० सालची. म्हणजे आपला स्वल्पविराम फार जुना नाही. तो परका म्हणून आला खरा. पण आज त्याच्यावाचून आपले पान हलत नाही.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो. धार, देवास, इंदूर या परिसरातील आपण मराठी माणसे घरी मराठी बोलतो आणि शिक्षण बहुधा हिंदीतून घेतो. दोन्ही भाषांची लिपी एकच. त्यामुळे एका भाषेची लेखनाची सवय दुसरीत नकळत उतरते. हिंदीत नामाला लागणारे 'ने', 'को', 'में' हे वेगळे लिहितात. ती हिंदीची रीत आहे आणि हिंदीत ती योग्यच आहे. परंतु त्याच सवयीने आपण मराठीत 'घरा समोर', 'आई साठी', 'मुलां ना' असे लिहू लागतो. हे चूक का, याचे कारण केवळ नियम असे नाही. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी नाम आपले रूप बदलते. 'घर'चे 'घरा' होते, 'झाड'चे 'झाडा' होते. व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात. हे रूप सहसा स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाही. ते पुढच्या प्रत्ययावर किंवा शब्दयोगी अव्ययावर रेलते. दोघांत अंतर पडले की 'घरा' निराधार होतो आणि 'समोर'ही पोरका होतो.

कधी अर्थही पालटतो. 'तो भावासारखा भांडतो' यात प्रेम आहे. 'भावा सारखा भांडतो' असे तोडून लिहिले, तर कोणीतरी भावाकडे तक्रार करीत आहे, असे वाटते. 'सातबारा' हा महाराष्ट्रातील जमिनीचा उतारा. 'सात बारा' म्हणजे नुसते दोन आकडे. 'पाच-सहा माणसे' यात अंदाज आहे, 'पाच, सहा' यात मोजणी आहे. मघाशी मी आपणास 'आजी-माजी विद्यार्थी' असे संबोधले. छापताना त्या संयोगचिन्हाच्या जागी स्वल्पविराम पडला, तर आपल्या घरच्या आजीही या शाळेच्या माजी विद्यार्थी ठरतील.

याच्या उलट दोषही आहे. दोन स्वतंत्र शब्द एकत्र चिकटविणे, स्वल्पविरामाच्या आधी जागा सोडणे आणि नंतर न सोडणे, गद्य वाक्याच्या अखेरीस मराठीत बिंदूऐवजी हिंदीप्रमाणे दंड देणे, विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे दोन ठिपके टाकणे. शेवटचा दोष आज फार आढळतो. 'दुःख' या शब्दात विसर्ग हे अक्षराचे अंग आहे. अपूर्णविराम हे वेगळे चिन्ह आहे. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, परंतु संगणकाला दिसत नाहीत. शोधताना तो शब्द त्याला सापडतच नाही.

यंत्राचा विषय निघाला म्हणून सांगतो. संगणक आता चुकीच्या शब्दाखाली रेघ ओढतो. त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु माझ्या त्या कार्डावर त्याने कोणता शब्द चुकीचा ठरविला असता? 'नाही' शुद्ध, 'येणार' शुद्ध, 'काळजी' शुद्ध, 'नसावी' शुद्ध. मला काय म्हणायचे होते, हे त्या चार शब्दांवरून त्यालाही कळले नसते. ते ज्याला ठाऊक आहे, त्यानेच तपासायला हवे.

ते कसे तपासावे, हे गुरुजींनी आम्हाला शिकविले होते. त्यांची रीत येथे नोंदवून ठेवतो, कारण ती कोणत्याही पुस्तकात नाही. लिहून झाल्यावर कागद लगेच वाचू नये. एक रात्र जाऊ द्यावी. ताज्या मजकुरात आपण जे लिहिले ते वाचत नाही, जे मनात होते ते वाचतो. मग पहिले वाचन केवळ अर्थासाठी. दुसरे मोठ्याने; जेथे श्वास थांबतो तेथे चिन्ह आहे का, आणि जेथे चिन्ह आहे तेथे श्वास थांबतो का, हे पाहावे. तिसरे वाचन शेवटच्या ओळीकडून पहिल्या ओळीकडे, म्हणजे अर्थाचा ओघ तुटतो आणि प्रत्येक शब्द सुटा दिसू लागतो. तुटलेले आणि चिकटलेले शब्द याच वाचनात सापडतात. चौथे वाचन फक्त जोड्यांचे: उघडलेले अवतरणचिन्ह मिटले का, कंस मिटला का. आणि अखेरीस कागद दुसऱ्याच्या हाती द्यावा व त्याला मोठ्याने वाचायला सांगावे. तो जेथे अडखळेल तेथे दोष त्याचा नाही, आपला आहे.

माझ्या कार्डाचे दुसरे वाचन कोणी केले असते, तर दोन भाऊ पुन्हा एका पंगतीला बसले असते. आजोबांनी मला ते वाचून दाखवायला सांगितले नाही आणि मलाही तसे सुचले नाही. अर्ध्या मिनिटाचे काम होते.

देवासकरांना एक गोष्ट सांगायला नको. एकाच गावाच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. गावातून जाणारा रस्ता दोन राज्यांची सीमा झाला. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. जेथे अंतर नको तेथे पडलेले अंतर किती पिढ्या टिकते, हे आपल्या पूर्वजांनी पाहिले आहे. याच गावात आज बँक नोट प्रेस आहे. तेथे छापल्या जाणाऱ्या नोटांच्या मागील बाजूस पंधरा भाषांच्या ओळी असतात आणि त्यांत आपल्या मराठीचीही एक ओळ असते. त्या ओळीत एखादे चिन्ह जरी ढळले, तरी नोट चालणार नाही, असे आपण मानतो. मग घरच्या पत्राला, निमंत्रणपत्रिकेला, शाळेच्या अहवालाला ती कसोटी का नको? त्यांचेही चलन विश्वासावरच चालते.

माळव्यातील आपल्या मराठीला राजाश्रय उरलेला नाही. ती आता घराघरांतून, पत्रांतून, पत्रिकांतून, अशा पुस्तिकांतून जगणार आहे. प्रत्यय शब्दाला चिकटून राहिला, तर ती मराठी राहील; सुटला, तर अक्षरे तीच राहतील आणि भाषा हळूहळू निसटेल. ज्या भूमीने प्रत्यय दगडात कोरले, त्या भूमीतील आपण ते निदान कागदावर तरी सांभाळावेत, एवढीच माझी विनंती आहे.

हे व्याख्यान छापण्यापूर्वी त्याची मुद्रिते मी स्वतः चार वेळा वाचीन आणि नंतर आपल्यापैकी एखाद्या विद्यार्थ्याला मोठ्याने वाचायला सांगेन. तरीही काही चूक राहिलीच, तर आपण ती खूण करून मला पाठवावी. गुरुजींना त्याहून योग्य श्रद्धांजली मला सुचत नाही.