सरकारी कागद छापायचे पैसे कुणी द्यायचे?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये उभ्या उभ्या ऐकत असाल, रात्री भांडी घासता घासता ऐकत असाल, किंवा क्लासला दांडी मारून कट्ट्यावर बसून ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय ऐकायला जरा रटाळ वाटेल. जुने सरकारी कागद, आणि ते जमवायला, वाचायला, छापायला सरकारनं पैसे का द्यावेत. पण पाच मिनिटं थांबा. हा विषय तुमच्या घरापर्यंत येतो.

२०२३ चा सप्टेंबर आठवा. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. काम काय, तर जुन्या सरकारी दप्तरांत ‘कुणबी’ अशी नोंद शोधायची. सुरुवात मराठवाड्यापासून झाली, नंतर सगळं राज्य आलं. आरक्षणाच्या वादात आज आपण शिरणार नाही, त्यावर तुमची-माझी मतं वेगळी असू शकतात. मला फक्त दप्तराबद्दल बोलायचंय. त्या काही महिन्यांत तहसील कचेऱ्यांमधली कपाटं उघडली गेली. कोतवाल बुकं, जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळांची जुनी रजिस्टरं, महसुली नोंदी, सगळं बाहेर आलं. बरंचसं मोडीत. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे तिकडे उर्दूही. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की हे वाचणार कोण? गावोगाव मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या लिपीला ‘आता काय उपयोग?’ म्हणत आपण बाजूला सारलं होतं, ती येणाऱ्या माणसाला एकाएकी मागणी आली.

म्हणजे बघा, कागद होता. शंभर शंभर वर्षं होता. सरकारच्याच कपाटात होता. पण तो वाचून, त्याची यादी करून, लोकांपुढे ठेवण्याचा खर्च कुणी आधी केला नव्हता. गरज पेटली तेव्हा घाईघाईत करावा लागला. आजच्या भागाचा मुद्दा हाच आहे. कागद सांभाळणं हे अर्धं काम झालं. तो लोकांना वाचता येईल असा करणं हे उरलेलं अर्धं, आणि पैसे नेमके तिथेच अडतात.

इंग्रजांनी कागद का सांभाळले?

आता जरा मागे जाऊ. पुण्यात पेशवे दफ्तर आहे. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि राज्याबरोबर राज्याचे कागदही कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. हे कागद रुमालात बांधलेले असतात. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे हं, कापडाचं चौकोनी फडकं. त्यात कागदांचा गठ्ठा ठेवून गाठ मारायची. असे तीस हजारांहून जास्त रुमाल तिथे आहेत आणि आतले कागद कोट्यवधींच्या घरात. रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंद. प्रांत अजमास, म्हणजे कुठल्या प्रांतातून किती वसूल येईल त्याचे अंदाज. पागेचे हिशेब, चिटणिशी पत्रं. चालत्या राज्यकारभाराचा जवळजवळ सगळा पसाराच.

इंग्रजांनी हे जपलं का? इतिहासाच्या प्रेमापोटी? छे! पैशासाठी. अनेकांकडे इनाम जमिनी होत्या, म्हणजे ज्यांचा सारा सरकारला मिळत नव्हता. सरकारला प्रश्न पडला की यातली खरी इनामं किती? १८५२ मध्ये इनाम कमिशनसाठी कायदाच झाला. इनामदारांनी पुरावा आणायचा आणि तो पेशवे दफ्तरातल्या नोंदींशी ताडून पाहायचा. कित्येकांची इनामं गेली, घराणी दुखावली. या दफ्तराच्या कचेरीचं नावसुद्धा बराच काळ ‘एलिअनेशन ऑफिस’ होतं. म्हणजे साऱ्यातून सुटलेल्या जमिनींचं ऑफिस! इतिहासाचा त्या पाटीवर पत्ताच नाही.

यातली गंमत अशी की महसूल वाढवायला जे दफ्तर जपलं, त्याच्यामुळेच आपला अठराव्या शतकाचा इतिहास वाचला. सरकार कागदावर पैसे घालतं तेव्हा त्यामागे बहुतेकदा सरकारची स्वतःची गरज असते. १८५२ मध्ये ती साऱ्याची होती, २०२३ मध्ये दाखल्यांची. कागद मात्र त्या गरजेपेक्षा जास्त काळ टिकतो आणि भलत्याच माणसाच्या भलत्याच कामी येतो.

कुलूप कसं उघडलं?

आता कागद आहेत, पण अभ्यासकांना आत सहज जाता येत नाही, अशी अवस्था कितीतरी वर्षं होती. थोडी फट पडली ती रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांच्यामुळे. सरकारच्या परवानगीनं त्यांनी पेशव्यांच्या रोजनिशांमधले उतारे निवडले, आणि ते पुढे नऊ खंडांत छापले गेले. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली या उताऱ्यांवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बखरींमध्ये आणि इंग्रजांच्या पुस्तकांमध्ये लढाया नि राजकारणच भरलेलं असतं. लोक कसे जगत होते, न्याय कसा होत होता, कर कसे होते, हे बघायचं तर या नोंदी वाचा.

दुसरीकडे इतिहासाचार्य राजवाडे. त्यांनी सरकारची वाटच पाहिली नाही. गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्यांच्या दुकानांतून कागद गोळा केले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापत गेले. पहिला खंड १८९८ चा, एकूण २२ खंड. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, त्यातही राजवाडे होते. पैशाची ओढाताण कायमची. त्यांच्याबद्दल आपण अभिमानानं बोलतो, बोलायलाच हवं. पण मला त्यातून वेगळाच प्रश्न पडतो. एका माणसानं आयुष्य झिजवलं म्हणून जे वाचलं ते वाचलं. ज्या गावात राजवाडे पोचले नाहीत, तिथल्या कागदांचं काय झालं? एखाद्याच्या वेडावर सगळी भिस्त ठेवायची, ही काही व्यवस्था झाली नाही.

मग येतं १९३० चं दशक. गोविंद सखाराम सरदेसाई, म्हणजे ‘मराठी रियासत’ लिहिणारे रियासतकार. बडोद्याच्या गायकवाडांची नोकरी संपवून निवृत्त झालेले, वयाची साठी उलटलेली. यदुनाथ सरकार यांच्या आग्रहाचा, पाठपुराव्याचा मोठा हात होता, आणि मुंबई सरकारनं पेशवे दफ्तरातून निवडक कागद छापण्याचं काम सरदेसायांकडे दिलं. सरकारी खर्च, मदतनीसांची छोटी तुकडी, सरकारी छापखाना. चार-पाच वर्षांत ४५ खंड बाहेर आले.

जरा हिशेब करू. मराठी रुमाल सुमारे २७ हजार. पाच वर्षं धरा, वर्षाचे कामाचे ३०० दिवस धरा. म्हणजे दिवसाला १८ रुमाल. एकेका रुमालात शेकडो कागद, मोडी धावतं अक्षर, कुठे शाई पसरलेली, कुठे कसरीनं चाळण केलेली. प्रत्येक कागद अक्षर न् अक्षर वाचणं शक्यच नव्हतं. चाळायचं, निवडायचं आणि पुढे जायचं.

जो पैसा देतो, तो निवडतो

इथेच खरी मेख आहे. निवड म्हटली की टीका आलीच. पुण्यातल्या अभ्यासकांनी या कामावर टीका केली. तारखा चुकल्यात, संदर्भ नीट लावले नाहीत, राजकारणाचे कागद जास्त आणि समाजाचे कमी. त्यातलं काही खरं होतं, काही रुसव्याफुगव्याचंही होतं. पण मुद्दा टिकतो. सरकारी पैशानं छापलं की काय छापायचं हे कुणीतरी ठरवतं. आणि जे छापलं नाही, ते सामान्य वाचकापुरतं जणू घडलंच नाही. पानिपतावर अख्खा खंड निघतो. कुणा कुणबिणीच्या तक्रारीचा कागद रुमालातच राहतो.

म्हणून काही लोक म्हणतात, सरकारनं यात पडूच नये. मला हे पटत नाही. सरदेसायांचे खंड छापले गेले म्हणूनच त्यांच्यावर टीका तरी करता आली ना? छापील कागद तपासता येतो, खोडता येतो. बंद रुमालाशी वाद कसा घालणार? आणि छापील कागद किती लांब जातो बघा. हिरोशी फुकाझावा नावाचे जपानी इतिहासकार होते. त्यांनी आपल्याकडची वतनं, बलुतेदारी, खेड्यातली जातिव्यवस्था यांचा अभ्यास केला तो मुख्यतः छापलेल्या मराठी कागदांच्या आधारानं. आपल्या गावातल्या सुताराचं नि महाराचं बलुतं समजून घ्यायला जपानमधल्या माणसाला ते खंड पुरले.

आणखी एक उदाहरण द्यायलाच हवं. १९५७ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्य सरकारनं स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधनं छापायला सुरुवात केली. कुठून काढली? सरकारी दप्तरांतूनच. इंग्रज सरकारनं आपल्या लोकांवर पाळत ठेवून तयार केलेल्या फायलींमधून! पहिला खंड १८१८ ते १८८५ चा, त्यात वासुदेव बळवंत फडक्यांवरचे कागद आहेत. विचार करा, ज्या फायली फडक्यांना पकडायला बनल्या, त्याच आज आपल्याला फडके समजावून सांगतात. हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी त्या कामासाठी पैसे मंजूर केले, कुणीतरी बसून फायली वाचल्या, म्हणून झालं.

पैसे कशावर खर्च व्हावेत?

आता तुम्ही म्हणाल, शाळेचं छप्पर गळतंय, दवाखान्यात औषध नाही, आणि तू जुन्या कागदांचं काय घेऊन बसलास? प्रश्न रास्त आहे. पण गावाची जमीन कुणाची, वारस कोण, जात कोणती, धरणात कुणाचं काय गेलं, हे सगळं शेवटी जुन्या कागदावरच ठरतं. ज्याच्याकडे वकील आहे, तो कागद मिळवतो. ज्याच्याकडे नाही, तो कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. नोंदी खुल्या असण्याचा सगळ्यात जास्त फायदा गरिबालाच आहे.

या खर्चाचे चार टप्पे आहेत. एक, कागद जपणं: इमारत, कसर-वाळवीचा बंदोबस्त, फाटलेल्या कागदांची डागडुजी. दोन, स्कॅन करणं. तीन, वाचणं आणि सूची करणं. चार, छापणं किंवा इंटरनेटवर टाकणं. पहिल्या दोन टप्प्यांचे फोटो छान येतात. फीत कापता येते, नवीन मशीन दाखवता येतं. तिसऱ्या टप्प्यात एक माणूस वर्षानुवर्षं टेबलाशी बसून वाचत असतो. त्याचा कसला फोटो काढणार? त्यामुळे तिथला पैसा आधी कापला जातो. पण सूचीशिवाय स्कॅन म्हणजे काय, तर नाव न दिलेले लाखभर फोटो मोबाईलमध्ये असणं. आहेत सगळे, सापडत एकही नाही.

चौथ्या टप्प्यावरही गाडी अडतेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं लेखन आणि भाषणं राज्य सरकारनं १९७९ पासून छापली, वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. खंडांना मागणी प्रचंड. तरी छपाई रखडल्याची बातमी आली आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. म्हणजे ग्रंथ तयार, वाचक तयार, आणि छापायला सांगावं लागतं कोर्टाला.

कायदा आपल्याकडे आहे. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा, आपल्या राज्याचा २००५ चा. केंद्राच्या कायद्यानुसार १८९२ पूर्वीचा कागद, तो पार निकामी झालेला नसेल तर, नष्ट करता येत नाही. नियम मोडून अभिलेख नष्ट केले तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. पण ‘नष्ट करू नका’ हा झाला नकाराचा नियम. ‘अमुक वर्षांत वाचून, सूची करून लोकांपुढे ठेवा, आणि त्यासाठी हे पैसे’ असा होकाराचा नियम हवाय. आणि सूची संपूर्ण हवी, निवडक नको. छापायला निवड करावी लागते हे मान्य, पण काय निवडलं नाही, हे तरी लोकांना दिसू दे.

आपण काय करायचं?

तीन साध्या गोष्टी सांगतो. पहिली, राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ नावाचं पोर्टल आहे. त्यावर तुमच्या तालुक्याचं नाव टाकून बघा. स्पेलिंग इंग्रजांच्या पद्धतीनं टाका, म्हणजे पुण्याचं ‘पूना’.

दुसरी, मोडी शिका. मराठी येत असेल तर महिना-दोन महिन्यांत अक्षरओळख होते. पुढे सराव लागतो, पण रील्स बघण्यातली रोजची वीस मिनिटं त्याला पुरतात.

तिसरी, घरात जुना कागद असेल तर त्याला लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. चांगल्या उजेडात फोटो काढा आणि कागद कोरड्या जागी सुती कापडात ठेवा. हो, रुमालातच!

आणि निवडणुकीत कुणी मत मागायला आलं, तर रस्ता-पाणी विचाराच. पण तहसीलच्या अभिलेख कक्षात वाचायला माणूस आहे का, तेही एकदा विचारून बघा. समोरचा जरा गोंधळेल. गोंधळू दे.

तुमच्या घरात, गावात असे कागद असतील, त्यांची काही गोष्ट असेल, तर खाली कॉमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात मोडीतलं एक खरं पत्र घेऊन ओळ न् ओळ वाचू. तोवर भेटू, काळजी घ्या. नमस्कार.