निरोपाला खुंटी मारा
(नाशिक जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलणारे पुष्कळ आहेत, ज्वारीवर बोलणारे थोडे आहेत आणि टेलिफोनवर बोलणारे एकटे आम्हीच आहोत. तुम्ही म्हणाल, फोनवर तर सगळेच बोलतात. बोलतात खरे. पण बोललेले कुठे राहते, कोणाच्या हातात राहते आणि गरजेच्या वेळी सापडते का, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे. कॉलेजात पहिल्या वर्षी एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवतात. प्रयोगाचा प्लॉट पाडला की आधी खुंटी मारायची आणि खुंटीवर वाण, तारीख, प्लॉटचा नंबर लिहायचा. खुंटी पडली तर पीक कितीही जोमदार येऊ द्या, ते मालदांडीचे की दुसऱ्या वाणाचे हे सांगता येत नाही. धान्य खाता येते, पण त्याचा पुरावा होत नाही. फोनवरच्या निरोपाचेही तसेच आहे. हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो. खरे कळले ते आमचीच खुंटी पडली तेव्हा.

2023 च्या पावसाळ्यात आम्ही कार्यालयात एक निरोपपेटी बसवली. एक जुना संगणक, टेलिफोनची एक तार, ती तार संगणकाला जोडणारे एक कार्ड आणि अॅस्टरिस्क नावाचे सॉफ्टवेअर. ते फुकट मिळते. अमेरिकेत मार्क स्पेन्सर नावाच्या तरुणाने ते 1999 मध्ये लिहिले. त्याला आपल्या छोट्या धंद्यासाठी टेलिफोन एक्सचेंज हवे होते, विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने स्वतःच बनवले आणि सगळ्यांना वापरायला दिले. याच अॅस्टरिस्कवर छत्तीसगडमध्ये 2010 पासून सीजीनेट स्वर चालले. आदिवासी भागातली माणसे साध्या फोनवरून आपली तक्रार आपल्या भाषेत सांगत आणि ती इतरांना ऐकता येई. तेव्हा गरिबाच्या हाती हे यंत्र काम करते, याचा दाखला होता. आम्हीही बसवले. फोन कोणी उचलला नाही की यंत्र म्हणायचे, गाव सांगा, पीक सांगा, काय झाले ते सांगा. कोणी मराठीत सांगे, मालेगावकडचा कोणी अहिराणीत सांगे. आम्ही खूश झालो आणि पेटीकडे बघायचे विसरलो.

मग 26 नोव्हेंबर 2023 चा दिवस आला. रविवार होता. जिल्ह्यात अवकाळी पाऊस झाला, गारा पडल्या. द्राक्षबागांचे फोटो पेपरात आले. आपल्या उघड्या बोंडांचे फोटो कोणी काढले नाहीत. त्या खरिपात एक रुपयात पीकविमा होता आणि गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना 72 तासांच्या आत द्यायची अट होती. आता हिशेब करा. रविवार सुटीचा. सोमवारी 27 तारखेला गुरुनानक जयंती, बँकेला सुटी, कचेरीला सुटी. म्हणजे 72 तासांतले पहिले दीड दिवस कुलपे बघण्यात गेले. उरले मोबाईलचे ॲप आणि टोल फ्री नंबर. ज्याच्या घरात ॲप चालवणारे पोर नाही, त्याने आमचा नंबर लावला.

इथे आमची चूक सांगतो, कारण ती लपवली तर दुसऱ्या तालुक्यात पुन्हा होईल. पेटीत आधीचेच साठेक निरोप न ऐकता पडलेले होते. अॅस्टरिस्कच्या पेटीत आपण आकडा बदलला नाही तर एका कप्प्यात 100 निरोप बसतात. हा आकडा हजारोंपर्यंत वाढवता येतो. एक ओळ बदलायची असते. ती आम्ही बदलली नव्हती. रात्री नऊच्या सुमारास पेटी भरली. त्यानंतर ज्याने फोन लावला त्याला इंग्रजीत एक बाई सांगू लागली की पेटी भरली आहे. त्याला वाटले नंबर चुकला. त्याने फोन ठेवला.

हे आम्हाला कळले मंगळवारी दुपारी. आमच्यातल्या एका पोराने संगणकावर काळा पडदा उघडला. त्यावर चित्रे नसतात, माऊसचे काम नसते. हुकूम टाइप करायचा आणि यंत्राने उत्तर द्यायचे. त्याने लिहिले, ‘व्हॉइसमेल शो यूजर्स’. उत्तर आले, नवे निरोप 100. आमच्या पोटात गोळा आला. मग त्याने दुसरे काम केले. यंत्र प्रत्येक आलेल्या फोनची नोंद वेगळ्या खतावणीत ठेवते, निरोप राहो वा न राहो. ती खतावणी साध्या मजकुराची असते. त्यातून त्याने ‘ग्रेप’ नावाच्या हुकुमाने रविवारची आणि सोमवारची तारीख शोधली. ज्यांचा फोन आला पण निरोप राहिला नाही, असे नंबर निघाले. वहीची दोन पाने भरली. आम्ही चार जण बसलो आणि एकेकाला उलट फोन लावला. बुधवारी दुपारपर्यंत जेवढ्यांची सूचना ॲपवर देता आली तेवढी दिली, डॉकेट नंबर त्यांना लिहून दिला. काहींचे फोन बंद होते. ते दोन दिवसांनी लागले. तेव्हा आमच्याकडे सांगायला काही नव्हते.

एक बाब इथेच स्पष्ट करतो. आमच्या पेटीत ठेवलेला निरोप म्हणजे विमा कंपनीला दिलेली सूचना नव्हे. असा कोणाचा समज असेल तर तो आजच सोडा. निरोपावरून कार्यकर्त्याने पुढे रीतसर सूचना द्यायची असते. पण निरोपच सापडला नाही तर कार्यकर्ता तरी काय करणार?

दुसरी खुंटी वेळेची. एका भावाचा निरोप रविवारी संध्याकाळी 7 वाजून 10 मिनिटांचा होता. आम्ही फाइलीतला मजकूर छापून कचेरीत नेला. त्यावर वेळ होती दुपारी 1 वाजून 40 मिनिटे. समोरचे साहेब म्हणाले, गारा पडायच्या आधीच हा माणूस गारांची तक्रार करतो? हसले. आम्ही गप्प बसलो, कारण आम्हालाच कळेना. नंतर उलगडले. त्या फाइलीत तारखेची ओळ जागतिक वेळेने लिहिलेली असते. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. एक चाळीसमध्ये साडेपाच मिळवा, सात दहा होतात. यंत्र खरे बोलत होते. आम्हालाच त्याची बोली समजत नव्हती. तेव्हापासून आम्ही छापलेल्या प्रत्येक कागदावर भारतीय वेळ वेगळी लिहितो आणि जागतिक वेळही ठेवतो.

तिसरी खुंटी नंबरची. पेटीत फाइलींना शून्यापासून ओळीने नंबर असतात. आम्ही रजिस्टरात लिहिले, निरोप 12, अमुक गाव. मधला एखादा निरोप ऐकून जुन्या कप्प्यात गेला की यंत्र मागच्यांना पुढे सरकवते आणि नंबर बदलून टाकते, बसमधली माणसे सरकावीत तसे. चार दिवसांनी 12 नंबर लावला तर दुसऱ्याच गावचा आवाज आला. एकाचे नुकसान दुसऱ्याच्या नावावर जायची वेळ आली होती. पेटीतला नंबर म्हणजे माणसाची ओळख नव्हे. ओळख धरायची ती फोन नंबर, तारीख आणि वेळ या तिघांची मिळून.

आता करायचे काय ते सांगतो. पाचच कामे आहेत.

पहिले काम, रोज सकाळी आणि संध्याकाळी निरोपांची मोजणी पाहायची. संकटाच्या दिवशी तासाला. पेटीची मर्यादा आधीच वाढवून ठेवायची आणि पेटी भरल्याचे वाक्य आपल्या मराठीत, आपल्या आवाजात भरायचे.

दुसरे काम, निरोप पेटीतून बाहेर काढायचा. प्रत्येक आवाजाच्या फाइलीशेजारी मजकुराची छोटी फाइल असते. तिच्यात कोणत्या नंबरवरून फोन आला, केव्हा आला, किती सेकंदांचा आहे हे लिहिलेले असते. दोन्ही फाइली जोडीने काढायच्या. बैल एक आणि जू दुसरीकडे असे नको. काढताना ‘सीपी’ म्हणजे नक्कल करा हा हुकूम वापरायचा, हलवायचा नव्हे. फाइलीला नाव द्यायचे तारीख, वेळ, तालुका, गाव असे.

तिसरे काम, त्याच दिवशी निरोप ऐकून रजिस्टरात एक ओळ लिहायची. नाव, गाव, गट नंबर, पीक, काय झाले, कोणाकडे पाठवले. कागदावरही आणि संगणकावरही. म्हातारी माणसे बोलताना थांबतात. दहा सेकंद शांतता झाली की यंत्र निरोप तोडू शकते, तोही आकडा वाढवायचा. तरी तुटलेला वाटला तर उलट फोन करायचा.

चौथे काम, दुसऱ्या डिस्कवर नक्कल. ‘आरसिंक’ नावाचा हुकूम रात्री आपोआप चालवता येतो. पण त्याला मूळ जागी पुसलेले नकलेतही पुसायची सूचना देऊ नका. नाहीतर एकाने इकडे चुकून पुसले की तिकडचेही गेले. बियाणे एकाच कणगीत ठेवत नाही ना आपण?

पाचवे काम, फाइलीचा ठसा घ्यायचा. संगणक प्रत्येक फाइलीचा अक्षर-आकड्यांचा एक लांब ठसा काढून देतो. फाइलीत एक टिंब बदलले तरी ठसा बदलतो. 1 जुलै 2024 पासून 1872 च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम 63 प्रमाणे संगणकातली नोंद न्यायालयात द्यायची तर प्रमाणपत्र लागते आणि त्या प्रमाणपत्रात हा ठसा लिहावा लागतो. एक भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. पहिल्याच दिवशी ठसा रजिस्टरात लिहिला असेल तर उद्या वकिलाला हातात काही तरी असते.

कोणी विचारेल, आता एक रुपयाचा विमा कुठे आहे? बरोबर आहे. 2025 च्या खरिपात राज्याने ती योजना बंद केली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर आणली. पण नियम बदलला म्हणून निरोपाची गरज संपली का? 2017 ला बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हा बियाण्याची तक्रार ‘जी’ अर्जावर करायची होती, सोबत पावती आणि सातबारा. अळी पहिल्यांदा कोणत्या गावात, कोणत्या आठवड्यात दिसली हे सांगणारी सलग नोंद आमच्याकडे नव्हती. शेतकऱ्याने सांगितले होते, फोनवर सांगितले होते, आम्ही ऐकलेही होते. लिहिले नव्हते.

सरकारकडे बघा. किसान कॉल सेंटर 21 जानेवारी 2004 ला सुरू झाले. 1800-180-1551 वर तुम्ही विचारलेला प्रश्न आणि मिळालेले उत्तर नोंदवले जाते. राज्य, जिल्हा, तालुका, पीक, तारीख अशा रकान्यांत लावून ते सरकारच्या खुल्या माहितीत जिल्हावार ठेवलेले आहे. कोणीही उतरवून घेऊ शकतो. त्यात नाशिकची फाइल घ्या आणि त्याच ‘ग्रेप’ने कापूस शोधा. शोधताना इंग्रजी नावे ध्यानात ठेवा. आपल्या ज्वारीला तिथे ‘सॉर्गम’ म्हणतात. आपणच विचारलेले प्रश्न कंपन्यांचे आणि विद्यापीठांचे लोक वाचतात, त्यावरून कुठे काय खपेल, कुठे कोणता रोग आहे याचा अंदाज बांधतात. आपण मात्र ते कधी उघडून पाहिले नाहीत. आपले धान्य दुसऱ्याच्या गोदामात आहे आणि मापही त्याचेच.

एक जबाबदारीही सांगून ठेवतो. निरोपात माणसाचा नंबर असतो, कर्ज असते, कधी रडणे असते. तो आवाज व्हॉट्सअॅपवर फिरवायचा नाही. ज्याचा निरोप आहे त्याला विचारल्याशिवाय पेपरवाल्याला द्यायचा नाही. त्याने विश्वासाने आपल्या ओसरीवर गाठोडे ठेवले आहे, ते चौकात सोडायचे नाही.

आमची मागणी एवढीच आहे. मालेगाव, नांदगाव, येवला, सिन्नर, प्रत्येक तालुक्याने दोन जण द्यावेत. त्यातली एक मुलगी असावी, कारण घरातल्या बाईचा फोन आला तर ती तिच्याशी मोकळी बोलेल. इंग्रजी फार लागत नाही, पाचसहा हुकुमांचे स्पेलिंग लागते. कापसाच्या जातींची इंग्रजी नावे आपण तोंडपाठ करतोच की! दोन दिवस शिकवू, संगणक आम्ही देऊ, रजिस्टर मात्र तालुक्याने आणायचे. पुढची गार कधी पडेल हे आम्हाला सांगता येत नाही. ती पडेल त्या रात्री शंभर आणि एकावा फोन करणाऱ्याला पेटी भरली असे ऐकावे लागणार नाही, एवढे आपल्या हातात आहे. नावे आज संध्याकाळी बैठक उठायच्या आत द्या.