‘डिअर’, ‘केरीदो’ आणि इतर संबोधने

इंग्रजी पत्राचा मायना मोठा उदार असतो. कर थकला म्हणून नोटीस धाडणारा अधिकारी आणि विरहाने व्याकूळ झालेला प्रियकर, दोघेही ‘डिअर’ याच शब्दाने आरंभ करतात. या शब्दातील प्रीती सरकारी कागदावर केव्हाच झिजून गेली आहे. स्पॅनिशमध्ये हा कारभार चालत नाही. तेथे अनोळखी गृहस्थाला ‘एस्तिमादो सेन्योर’, म्हणजे ‘माननीय महाशय’, असे लिहावयाचे. प्रिय या अर्थाचा ‘केरीदो’ जिवलगांसाठी राखलेला. कोश उघडून ‘डिअर’च्या जागी ‘केरीदो’ ठेवणारा कारकून बँकेच्या व्यवस्थापकाला भलतेच प्रेमपत्र धाडून बसेल.

‘सर’ आणि ‘सेन्योर’ हे मुळात एकाच लॅटिन घराण्यातले. ‘वडीलधारा’ हा दोघांचाही मूळ अर्थ. सर्वनामांत मात्र वाटा फुटल्या. इंग्रजीतही एके काळी ‘दाऊ’ हे एकेरी सर्वनाम होते. १६०३ साली सर वॉल्टर रॅलेवरील राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक याने त्याला मुद्दाम ‘दाऊ’ म्हणून भर न्यायालयात हिणवले. पुढे हे सर्वनाम नित्याच्या बोलण्यातून जवळजवळ लोपले. राजा, नोकर आणि कुत्रा या सर्वांना एकच ‘यू’ उरले.

स्पॅनिशने आपले ‘तू’ जपले. (उच्चारही तोच, मराठी कानाला तो शिकवावा लागत नाही.) आदरासाठी तिने ‘उस्तेद’ घडविले. ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या संबोधनाचा तो झिजलेला अवशेष असल्याने त्याचे क्रियापद तृतीय पुरुषी चालते. ‘महाराजांनी बसावे’ म्हणणाऱ्यांना त्यात नवल वाटू नये. सेर्वांतेसच्या १६०५ मधील ‘दोन किहोते’त सांचो आपल्या धन्याला हेच लांबलचक संबोधन लावतो. धन्याच्या नावामागचे ‘दोन’ मात्र त्याने स्वतःच चिकटविलेले, आणि १६१५ च्या दुसऱ्या भागात गावचे मानकरी त्यावरून कुरकुरतात.

लाडाच्या शब्दांत इंग्रज ‘हनी’, म्हणजे मध, चाखतो. स्पॅनिश माणूस आकाशालाच हात घालतो. ‘मी सिएलो’ म्हणजे माझे आकाश, ‘मी विदा’ म्हणजे माझे जीवित. अर्जेंटिनात नवरा बायकोला प्रेमाने ‘गोर्दा’, म्हणजे लठ्ठ, अशी हाक मारतो. ती काडीसारखी असली तरी चालते. ही हाक शब्दशः इंग्रजीत नेण्याचे धाडस कोणी करू नये. मेक्सिकोतील म्हातारी बाजारातल्या परक्या पोरालाही ‘मिहो’, म्हणजे ‘माझ्या मुला’, म्हणते. येथेही इंग्रजी भाषांतरकार अडतो. मराठी भाषांतरकाराच्या हाताशी ‘बाळा’ आयता असतो.