अंगणातलं पाणी, गच्चीवरचं ऊन

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



मला कमिटीने सांगितलं की, 'हरित इमारती आणि हवामान बदल' या विषयावर दोन शब्द बोला. विषय मोठा आहे. पण आपण छत्तीस बिऱ्हाडं पंचवीस वर्षं एका छपराखाली राहिलो, तेव्हा मी हा विषय आपल्या गेटच्या आतच ठेवणार आहे. आणि सुरुवात माझ्या एका चुकीपासून करणार आहे.

आपण २००० साली इथे राहायला आलो, तेव्हा मागच्या अंगणात माती होती, गवत होतं, एक करंज होता. पावसाळ्यात चिखल व्हायचा, मुलं पायाने तो जिन्यात आणायची. पुढे मी सेक्रेटरी झालो आणि सर्वसाधारण सभेत ठराव मांडला, की सगळं अंगण काँक्रीटचं करू. चिखल जाईल, डास जातील, चार गाड्या जास्त लागतील. टाळ्या पडल्या. एकट्या तळमजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मग पावसाचं पाणी कुठे जाईल?" मी हसून म्हटलं, "काकू, उतार काढलाय ना, रस्त्यावर जाईल."

मी तीस वर्षं पाटबंधारे खात्यात नोकरी केली. जन्मभर पाण्याचा हिशोब केला, आणि स्वतःच्या अंगणातला हिशोब मात्र चुकवला.

करंजाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट नेलं होतं. तीन वर्षांत तो वाळला. आपली बोअर पूर्वी मे महिन्यापर्यंत साथ द्यायची, ती मार्चमध्येच दम टाकायला लागली. सगळा दोष आपल्या काँक्रीटचा नाही. आजूबाजूला प्रत्येकाने बोअर मारल्या आणि प्रत्येकाने अंगणं झाकली. वरून पाणी जाऊ द्यायचं नाही आणि खालून उपसत राहायचं, ही बँक किती दिवस चालणार?

मग आली २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. आपण सगळ्यांनी ती पाहिली आहे. आंबिल ओढ्याला पूर आला, सीमाभिंती पडल्या, या भागात माणसं गेली, दारातल्या गाड्या वाहून गेल्या. आपल्याकडे त्या मानाने थोडक्यात निभावलं. पण रस्त्याने पाणी घ्यायचं नाकारलं आणि ते उलट आत आलं. काकूंच्या घरात गुडघाभर पाणी. काकांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, खालीच ठेवलेली होती, ती गेली. रात्री एक वाजता मी बादलीने पाणी काढत होतो आणि मनात तोच प्रश्न घोळत होता, पाणी कुठे जाईल? काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आधी कोरडे व्हा."

आता जरा हिशोब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आपली गच्ची आणि अंगण मिळून साधारण दीड हजार चौरस मीटर. एका रात्रीत शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर आपण एकटे दीड लाख लिटर पाणी रस्त्यावर ढकलतो. वरच्या अंगाला अशा शेकडो सोसायट्या. टेकड्यांवरचं पाणी वेगळंच. ओढा बिचारा अरुंद केलेला. मग पूर ओढ्याला आला म्हणायचं, की आपण सगळ्यांनी मिळून पाठवला म्हणायचं?

आणि हवामान बदलाचा संबंध इथेच येतो. हवा एक अंशाने तापली की तिची वाफ धरून ठेवण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो आणि उघडतो तेव्हा कडक ऊन. जुन्या हिशोबाने बांधलेल्या नाल्या, गटारं या पावसाला पुरत नाहीत. शहराने ओढे मोकळे ठेवले पाहिजेत, टेकड्या उघड्या ठेवल्या पाहिजेत, हे खरंच. नगररचना म्हणतात ती हीच. पण शहर म्हणजे शेवटी आपल्यासारखे प्लॉटच एकाला एक लागून.

हवा तापते कशाने, तर त्यातही घरांचा वाटा मोठा आहे. जगात ऊर्जेच्या वापरातून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यातला एक तृतीयांशाहून अधिक इमारतींच्या आणि बांधकामाच्या खात्यावर जातो. सिमेंटचंच बघा. भट्टीत चुनखडी भाजताना कोळसा जळतो तो वेगळा, आणि त्या दगडातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो तो वेगळा. पन्नास किलोच्या एका पोत्यामागे साधारण तीस किलो. म्हणून गेल्या वर्षी रिडेव्हलपमेंटचं पत्र आलं, तेव्हा मी म्हटलं होतं, की आधी स्ट्रक्चरल ऑडिट करू. इमारत धोकादायक झाली असेल तर पाडलीच पाहिजे, तिथे भावना नको. पण ती धडधाकट असेल, तर उभी असलेली इमारत नीट राखणं यासारखं हरित काम नाही.

हरित इमारत म्हटलं की लोकांना काचेची चकचकीत बिल्डिंग आठवते. आपल्या उन्हात पश्चिमेला काच लावायची आणि आतून एसी चालवायचा, हा उलटा कारभार आहे. हैदराबादला २००४ साली सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर सुरू झालं. अमेरिकेबाहेर 'लीड प्लॅटिनम' हे मानांकन मिळवणारी ती पहिली इमारत. तिथे काय आहे? मधे चौक, भिंतींना जाळ्या, छपरावर हिरवळ, वाऱ्यासाठी मनोरे. आपल्या पेठांतल्या वाड्यांना चौक होता आणि हातभर जाडीच्या भिंती होत्या, हे आपल्यातल्या म्हाताऱ्यांना सांगायला नको. आपल्या देशाचं स्वतःचं मानांकनही आहे, त्याचं नावच 'गृह'.

आणखी एक. इमारत कितीही हरित असली आणि ती गावाबाहेर वीस किलोमीटरवर असली, की दुधाच्या पिशवीलाही गाडी काढावी लागते. त्या बाबतीत आपण नशीबवान. शाळा, भाजी, दवाखाना पायी अंतरावर, बस दारात, आणि स्वारगेटपर्यंत मेट्रो आली आहे. या सोयी वापरणं एवढंच आपल्याकडे उरतं.

आता कामाचं बोलतो. येत्या वार्षिक सभेपुढे दोन ठराव आहेत. त्यामागचा हिशोब तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला गच्चीचा. वरच्या मजल्यावरच्यांना एप्रिल-मेमध्ये रात्री दहालाही पंख्याखाली गरम वारा लागतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. वॉटरप्रूफिंग यंदा करायचंच आहे, तर वर पांढरा चायना मोझॅक किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग द्यावा. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यात फार माणसं गमावली. त्यानंतर त्यांनी २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग दिला. जे पत्र्याच्या घराला उपयोगी पडलं, ते आपल्या स्लॅबलाही पडेल. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी तो एक अंश वर ठेवला, तरी सुमारे सहा टक्के वीज वाचते.

त्याच गच्चीवर दहा किलोवॅटची सौर यंत्रणा बसवायची. त्याला साधारण शंभर चौरस मीटर सावली नसलेली जागा लागते, ती आपल्याकडे आहे. वर्षाला सुमारे चौदा हजार युनिट वीज मिळेल. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या बिलाचा मोठा भाग त्यात निघेल आणि वर्षाला सुमारे दहा टन कार्बन डायऑक्साइड वाचेल. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे अठरा हजार रुपये अनुदान आहे, म्हणजे एक लाख ऐंशी हजार.

दुसरा ठराव अंगणाचा. गच्चीवर वर्षाला पुण्याच्या सरासरीने सातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला वीस टक्के वाया गेला असं मानलं, तरी सव्वातीन लाख लिटरच्या वर पाणी हाती राहतं. दहा हजार लिटरचे तेहतीस टँकर! पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, नंतरचं गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात घ्यायचं. खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू, बाकी काही जादू नाही. मात्र गाड्यांच्या तेलाचं पाणी त्यात जाता कामा नये आणि दर मे महिन्यात वरची वाळू धुतली पाहिजे. नाहीतर खड्डा नावालाच राहतो. महापालिका अशा कामांसाठी मिळकतकरात सवलत देते, तीही पदरात पाडून घेऊ.

आणि मागच्या भिंतीलगतचं काँक्रीट फोडून तिथे पुन्हा माती आणायची. झाडं लावायची. यात चार गाड्यांची जागा जाते, म्हणून ठराव दोनदा पुढे ढकलला गेला. कुणाला दोष देत नाही. जागेची अडचण खरी आहे, आणि ती जागा मीच निर्माण करून दिली होती.

म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो. त्या चारांतली एक जागा माझी आहे. ती मी सोसायटीला परत देतो. माझी गाडी तशीही आठवड्यातून एकदा मंडईपर्यंत जाते, तिथे बस जाते. उरलेल्या तिघांवर माझी सक्ती नाही. त्यांनी घरी बोलावं, विचार करावा. तिघांच्या गाड्यांची सोय पुढच्या बाजूला कशी होईल, याचा एक नकाशा मी काढून नोटीस बोर्डावर लावला आहे. त्यात चुका असतील तर पेनाने खुणा करा.

काकू आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. काकू, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तुम्ही एक प्रश्न विचारला होता आणि मी हसलो होतो. त्याचं नीट उत्तर द्यायला मला इतकी वर्षं लागली. पाणी जमिनीत जाईल. सभेने ठराव मंजूर केला, तर पुढच्या पावसाळ्याआधी. आणि करंजाचं रोप तुमच्या हातून लावायचं आहे.

बालमित्रांनो, सुवर्णमहोत्सवाला तुमच्यापैकी कुणीतरी या ठिकाणी उभं असेल. त्या वेळी मागच्या अंगणात चिखल झाला, तर आमच्या नावाने थोडं ओरडा. चालेल.