परसातल्या हौदातले कुमुद



परसातल्या हौदात कुमुद कसे लावावे आणि त्याला खत कसे द्यावे, एवढेच आज सांगायचे आहे. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

आमच्या शाळेच्या अंगणात सिमेंटचा हौद होता. त्यात कुमुद होते आणि मुलांनी ओढ्यातून आणलेले मासे होते. पाने पिवळी पडू लागली, तेव्हा मी पाटीभर ताजे शेण हौदात टाकवले. तिसऱ्या दिवशी सकाळी मासे पाण्यावर उलटे तरंगत होते. एका मुलाने विचारले, “गुरुजी, शेण तर चांगलं असतं ना?” तेव्हा मला उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

शेण पाण्यात कुजू लागले की कुजवणारे सूक्ष्म जीव पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. रात्री ऊन नसल्यामुळे पाणवनस्पतींकडूनही तो मिळत नाही. म्हणून पहाटे मासे गुदमरतात. शिवाय पाण्यात उतरलेल्या खतावर पहिला ताव मारते ते शेवाळ. खत वाईट नव्हे, त्याची जागा चुकली. कुमुदाचे खत मातीच्या पोटात, मुळांशी हवे.

आता लागवड पाहू. कुमुद म्हणजे कमळ नव्हे. कमळाचे पान अखंड गोल असते आणि पाण्याच्या वर उठते. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर पसरते. रोपवाटिकेत ते ‘वॉटर लिली’ म्हणून मिळते. काही जाती दिवसा फुलतात, काही रात्री.

हौदावर पाचसहा तास ऊन हवे. सव्वा फूट रुंद आणि वीतभर खोल असा पसरट टब घ्या. भोक असेल तर गोणपाटाने बुजवा. माती शेतातली चिकण हवी. पालापाचोळ्याचे खत नको, ते तरंगते. तळाशी मूठभर हाडांचा चुरा टाका. शेणखत द्यायचेच, तर पूर्ण कुजलेले, दोन मुठी, तेही तळाशीच. वर माती भरून ओली करून दाबा. कंद असा लावा की कोंब उघडा राहील. कोंब गाडला तर तो कुजतो. मातीवर बोटभर जाड वाळू पसरा, म्हणजे पाणी गढूळ होत नाही.

टब हळूच पाण्यात उतरवा. आधी विटांवर ठेवा, कोंबावर चारसहा इंच पाणी पुरे. पाने वाढली की एकेक वीट काढा. पुढे फूट-दीड फूट पाणी चालते.

कुमुद खादाड आहे. नवी पाने लहान आणि पिवळी येऊ लागली, की ते उपाशी आहे असे समजा. १५:१५:१५ हे मिश्रखत दोन छोटे चमचे घेऊन चिकणमातीच्या गोळ्यात भरा आणि गोळा सावलीत सुकवा. कोंबापासून चार बोटे दूर, मातीत खोल खुपसा आणि वरून माती दाबा. वाढीच्या दिवसांत महिन्याला एकदा पुरे. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा थांबा. पिवळी पाने देठासकट काढत चला. पानांनी अर्धे पाणी झाकले की शेवाळही आवरते.

दोन गोष्टी विसरू नका. साचलेल्या पाण्यात डास होतात. म्हणून हौदात गप्पी मासे सोडा, पण ते नदी-ओढ्यात सोडू नका. आणि घरात किंवा शाळेत लहान मुले असतील तर हौदाला कठडा किंवा जाळी हवीच. मूल बुडायला फूटभर पाणीही पुरते.

शिक्षकमित्रांनो, पुढच्या वर्षी आमच्या मुलांनीच मातीचे गोळे वळले, खुपसले, हात साबणाने धुतले आणि रोजची फुले वहीत मांडली. मासेही जगले. त्या मुलाला मी मग एवढेच सांगितले, “बाळ, शेण चांगलंच असतं. चूक माझी होती.”