सोडचिठ्ठीचा कागद आणि कोर्टाचा हुकूम
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या मंगल दिवशी घटस्फोटाचा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु सोलापूरच्या न्यायालयात आम्ही वकिली करतो, तिथे आपल्या वस्त्यांतील माणसे या प्रश्नावर येतात तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. चार गोष्टी आधी कळल्या असत्या तर पुढचे हाल वाचले असते, असे वाटते. म्हणून हा विषय घेतला.

उशीर कसा होतो ते बघा. मुला-मुलीचे पटत नाही. दोन्हीकडची मोठी माणसे बसतात, रात्रभर चर्चा होते. मग दुसऱ्या दिवशी स्टँप पेपर आणायचा. त्यावर लिहून घ्यायचे की, आजपासून आमचा एकमेकांशी संबंध नाही, दोघेही दुसरे लग्न करायला मोकळे आहोत. दोघांच्या सह्या, साक्षीदारांच्या सह्या, वर नोटरीचा शिक्का. सगळ्यांना वाटते, प्रश्न मिटला. बंधू-भगिनींनो, प्रश्न मिटत नाही. कायद्याच्या नजरेत ती दोघे अजून नवरा-बायकोच असतात. शंभराचा काय नि पाचशेचा काय, स्टँपने लग्न मोडत नाही.

इथे काहीजण म्हणतात, आपण बौद्ध, आपल्याला हिंदू विवाह कायदा लागू नाही. हा गैरसमज आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांना हा कायदा लागू असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. बौद्धांसाठी वेगळा विवाह कायदा असावा ही मागणी जुनी आहे, तिच्यावर बोलता येईल. पण आज आपला घटस्फोट याच कायद्याखाली होतो. ज्यांचे लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने झाले, त्यांना तो कायदा लागू. काही जातींत रूढीने काडीमोड होते आणि कलम २९ ने अशा रूढीला जागा ठेवली आहे, हे खरे. पण ती रूढी कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते. ज्यांनी जुन्या रूढी सोडून धम्म स्वीकारला, त्यांनी कोणत्या तोंडाने त्या रूढीचा आधार मागायचा?

यामागचा इतिहासही लक्षात घ्या. काडीमोडीची रूढी नव्हती अशा घरांतल्या हिंदू स्त्रीला पूर्वी सुटकाच नव्हती. जिथे रूढी होती तिथे सगळे पंचांच्या मर्जीवर. आपल्या मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. देशभर असा हक्क मिळावा म्हणून कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडले. ते रखडले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे १९५५ साली त्यातला विवाहाचा भाग कायदा झाला. स्त्रीचे भवितव्य पंचांच्या हातून काढून कायद्याच्या हाती आले. आणि आपण स्टँप पेपर घेऊन परत पंचांपुढेच जाऊन बसतो!

याचे परिणाम काय होतात? समजा, एक इसम सरकारी नोकरीत कायम आहे. त्याने असा कागद केला, दुसरे लग्न केले, दोन मुले झाली. वीस वर्षांनी तो नोकरीत असतानाच वारला. कचेरीत दोन बाया कागद घेऊन उभ्या राहतात. पहिली कायदेशीर पत्नी, पण वीस वर्षे वाऱ्यावर. दुसरीने वीस वर्षे संसार केला, पण कलम ११ प्रमाणे तिचे लग्न मुळातच रद्दबातल. मुलांना कलम १६ प्रमाणे औरस मानतात. त्यांच्या आईला मात्र कुटुंब निवृत्तिवेतन मिळणे फार अवघड. शिवाय पहिले लग्न कायम असताना दुसरे करणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो दंड संहितेच्या कलम ४९४ खाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. चूक त्या दोघींपैकी कोणाचीच नव्हती. चूक त्या कागदाची होती.

मग रीतसर मार्ग कोणता? मार्ग दोन आहेत.

पहिला, दोघांच्या संमतीचा. कलम १३ ब. ही सोय १९७६ साली आली. दोघे किमान एक वर्ष वेगळे राहत असावेत, एकत्र राहणे शक्य नसावे, आणि दोघांनी मिळून अर्ज करावा. पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन, भांडीकुंडी यांचे काय ठरले ते त्यात लिहावे. त्यानंतर सहा महिने थांबावे लागते. मग दोघांचे म्हणणे पुन्हा ऐकून हुकूम होतो. समेटाची आशाच उरली नसेल आणि बाकी सगळे मिटले असेल, तर हे सहा महिने कोर्ट माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. हुकूम होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते. म्हणून बैठकीत कोणाकडून जबरदस्तीने सही घेऊ नका, ती टिकत नाही.

दुसरा मार्ग, एकाने दुसऱ्याविरुद्ध अर्ज करण्याचा. त्याला कलम १३ मधले कारण लागते: व्यभिचार, क्रूर वागणूक, दोन वर्षे टाकून देणे, गंभीर मानसिक आजार, सात वर्षे ठावठिकाणा नसणे वगैरे. कुष्ठरोग हे पूर्वी कारण होते, ते २०१९ साली काढून टाकले. नुसते "पटत नाही" हे कारण कलम १३ मध्ये नाही. लग्नाला एक वर्ष होण्याआधी, अगदी असाधारण हाल सोडले तर, अर्जच करता येत नाही.

अर्ज कुठे करायचा? जिथे लग्न झाले, जिथे समोरचा राहतो, किंवा जिथे दोघे शेवटचे एकत्र राहिले तिथे. आणि २००३ पासून, बायको अर्जदार असेल तर ती राहते तिथेसुद्धा. म्हणजे पुण्या-मुंबईला नांदायला गेलेली मुलगी सोलापुरात माहेरी आली असेल, तर तिला तारखेसाठी रेल्वेचे भाडे भरायला नको. शहरात कौटुंबिक न्यायालय आहे. त्याच्या हद्दीबाहेरच्या गावांसाठी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांचे कोर्ट. आपला पत्ता कोणाच्या हद्दीत येतो ते आधी विचारून घ्यावे.

बरोबर काय न्यावे? लग्नपत्रिका, फोटो, विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचे कागद. दवाखान्याचे किंवा पोलिसांचे कागद असतील तर तेही.

कौटुंबिक न्यायालय १९८४ च्या कायद्याने चालते. तिथे समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायाधीशांचे कर्तव्यच आहे. म्हणून आधी समुपदेशकांकडे पाठवतात. तिथे मोकळेपणाने बोला. पक्षकाराने मागितले तर सुनावणी बंद दाराआड होते, चारचौघांत घरची लक्तरे निघत नाहीत. वकील लावणे हा तिथे हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते. समेट नाही झाला तर समोरच्याची कैफियत, मग पुरावा, उलटतपासणी आणि निकाल. याला वेळ लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

एक धोक्याची सूचना. कोर्टाचे समन्स आले की काही घरांत बेलिफाला दारातून परत पाठवतात. असे कधीही करू नका. तुम्ही गेला नाहीत तर निकाल एकतर्फी होतो. तो रद्द करून घ्यायला साधारण तीस दिवसांची मुदत असते, आणि तिथेही गैरहजेरीचे कारण पटवून द्यावे लागते. "नांदायला ये" म्हणून कलम ९ ची केस आली तरी हसण्यावारी नेऊ नका. तसा हुकूम झाला आणि वर्षभर दोघे एकत्र आले नाहीत, तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो.

पोटगीबद्दल. केस चालू असताना कलम २४ खाली आणि निकालाच्या वेळी कलम २५ खाली पोटगी मागता येते. ती गरजू नवऱ्यालाही मागता येते. घटस्फोट नको, फक्त पोटगी हवी, तर पूर्वीचे फौजदारी संहितेचे कलम १२५ होते, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे. मारहाण असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्यात संरक्षण आणि राहत्या घराचा हक्कही मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून दोघांनाही आपले उत्पन्न आणि मालमत्ता शपथेवर सांगावी लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून अर्जाला उशीर करू नये. मुलांच्या ताब्यात मुलांचे हित हेच पहिले पाहतात. पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईकडे राहते.

आता पैशाचा प्रश्न. महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ केली आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जातीचे लोक यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

निकाल लागला की हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन जपून ठेवा. अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा अपील झाले असेल तर ते निकाली निघेपर्यंत, दुसरे लग्न करू नका. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावरचे अपील उच्च न्यायालयात जाते. त्यासाठी आपल्या जिल्ह्याला आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आहे.

शेवटी समितीला आणि वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. बैठका जरूर घ्या. तुटणारा संसार सांधला तर त्यासारखे पुण्य नाही. तथागतांनी सिगालाला केलेल्या उपदेशात पत्नीचा सन्मान करणे हे पतीचे पहिले कर्तव्य सांगितले आहे, ते बैठकीत आठवावे. पण ज्या घरात मुलीला मार बसतो, तिथे तिला "जरा सोसून घे" म्हणून परत पाठवू नका. आणि सोडचिठ्ठीच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नका. मंगलपरिणय झाला की त्याची विहाराच्या वहीत नोंद ठेवा, वधूवरांची वये दाखल्यावरून तपासा आणि नव्वद दिवसांच्या आत सरकारी नोंदणी करायला लावा. ही वही उद्या एखाद्या लेकीच्या हक्काचा पुरावा होईल.

संसार जोडताना आपण पंचशील घेतो, साक्षी ठेवतो, सगळे रीतसर करतो. मोडायची वेळ आलीच तर तेही रीतसर करू या. 

जयभीम! नमो बुद्धाय!