मुलगा ड्रायव्हरच होणार, मग शाळा कशाला?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



डॉक्टर, इंजिनिअर, वकील यांच्याविषयी आपण अशा व्यासपीठावरून पुष्कळ ऐकता. मी आज बोलणार आहे तो नाटक-सिनेमाचे सामान वाहणाऱ्या ट्रकचालकाविषयी. आपल्यापैकी अनेक घरांतील मुले ड्रायव्हिंगकडे वळतात. अशा वेळी पालक विचारतात, “मास्तर, मुलगा ड्रायव्हरच होणार, मग शाळा कशाला?” प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे.

आपल्या माटुंग्याचेच पाहा. पश्चिमेला यशवंत नाट्यमंदिर, पूर्वेला १९६३ साली सुरू झालेले षण्मुखानंद सभागृह आणि जवळच दादरचे शिवाजी मंदिर. तिसरी घंटा झाली की पडदा उघडतो आणि आपल्याला दिवाणखाना दिसतो. तो दिवाणखाना काही तासांपूर्वी ट्रकमध्ये होता. फ्लॅट, लेव्हल, फर्निचर, दिवे, कपड्यांच्या पेट्या हे सर्व हिशेबाने भरावे लागते. रंगमंचावर जे आधी लागणार, ते गाडीत शेवटी चढवायचे. दुपारचा प्रयोग माटुंग्याला आणि रात्रीचा ठाण्याला असेल, तर मधल्या वेळेत सेट उतरवून, भरून, गर्दीतून वेळेवर पोचवायचा. गाडी आली नाही तर मोठ्यातला मोठा नटही काय करणार? सिनेमाच्या शूटिंगचेही तसेच. दिव्यांचा ट्रक आणि जनरेटरची गाडी येईपर्यंत कॅमेरा सुरू होत नाही.

आता यात शाळा कोठे येते ते सांगतो. किंग्ज सर्कल स्थानकाजवळच्या रेल्वे पुलाखाली उंच गाड्या अडकल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. समजा, एखाद्या पुलाच्या पाटीवर ४ मीटर उंची लिहिली आहे. गाडीच्या हौद्याची फळी जमिनीपासून चार फूट वर आहे आणि तिच्यावर दहा फुटी फ्लॅट उभे केले आहेत. एकूण चौदा फूट झाले. ४ मीटर म्हणजे सुमारे तेरा फूट एक इंच. गाडी पुलाखाली अडकणार, सेट मोडणार आणि प्रयोगही जाणार. हे गणित आम्ही शाळेच्या वर्गातच शिकवतो.

दुसरे गणित वेळेचे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला साधारणपणे दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम ठरवून दिले होते. मुंबई ते नागपूर अंतर सुमारे ८०० किलोमीटर. भरलेला ट्रक ताशी सरासरी ५० किलोमीटरने गेला तरी सोळा तास लागतात. म्हणजे दोन चालक हवेत किंवा मध्ये मुक्काम हवा. “उद्या रात्री प्रयोग आहे, एकट्यानेच काढ,” असे कोणी म्हटले, तर हा हिशेब मांडून नाही म्हणता आले पाहिजे. मराठी रंगभूमीने १२ फेब्रुवारी २००१ रोजी भक्ती बर्वे यांना आणि २३ डिसेंबर २०१२ रोजी आनंद अभ्यंकर व अक्षय पेंडसे यांना रस्त्यावरच्या अपघातात गमावले. प्रत्येक अपघाताचे कारण निराळे असते. परंतु झोप आवरत नसताना गाडी हाकणे म्हणजे स्वतःच्या आणि इतरांच्या घरावर संकट ओढवणे आहे, हे विसरू नका.

तिसरी गोष्ट पैशाची. नाटकात मोबदला बहुधा प्रयोगावर, म्हणजे ‘नाईट’वर मिळतो. प्रयोग नाही तर नाईट नाही. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली. मधली काही महिन्यांची सवलत सोडली तर ती २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत बंदच होती. पडद्यामागच्या माणसांनी ते दिवस कसे काढले असतील, याचा विचार करा. म्हणून नाईट किती, भत्ता किती, अपघाती विमा आहे की नाही, हे आधी कागदावर लिहून घ्यावे आणि वाचूनच सही करावी. ज्याला वाचता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते.

मालवाहू गाडीच्या लायसन्ससाठी २०१९ पर्यंत किमान आठवी पास असण्याची अट होती. ती आता काढली आहे. गरिबाला रोजगार मिळावा हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. परंतु अट गेली म्हणून मुलाला आठवीतून काढू नका. तसेही वीस वर्षांचा होईपर्यंत त्याला ट्रकचे लायसन्स मिळत नाही, आणि त्याआधी एक वर्ष हलक्या गाडीचे लायसन्स असावे लागते. तेरा-चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला मुलगा मधली सहा-सात वर्षे करणार काय? क्लीनर होऊन उस्तादाची गाडी पुसणार. तेवढ्या काळात तो दहावी आणि बारावी दोन्ही होऊ शकतो.

कोणतेही काम हलके नसते. १९१६ साली बार्शीस जन्मलेले शाहीर अमर शेख यांनीही मोटारीवर क्लीनर म्हणून आणि पुढे गिरणीत काम केले होते. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले.

तेव्हा पालकहो, मुलगा ड्रायव्हर होणार असेल तर अवश्य होऊ द्या. फक्त दहावीचे प्रमाणपत्र हाती आल्यावर होऊ द्या. आणि मुलांनो, यंदा सहामाहीनंतर वर्गातला एकही बाक रिकामा दिसू नये, एवढीच माझी तुमच्याकडून अपेक्षा आहे.